ट्रॅशची आपोआप सफाई : प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

काम असे आहे. डिलीट केलेल्या फायली ट्रॅशमध्ये जातात आणि कोणी हात लावेपर्यंत तिथेच पडून राहतात. त्या ठरलेल्या मुदतीनंतर आपोआप जाव्यात अशी व्यवस्था बसवायची आहे. बहुतेक मशीन लिनक्सची, काही विंडोजची, थोडी मॅकची.

नियम आधीच लिहून ठेवला आहे, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर तपासायचा आहे. डिलीट केल्याला पूर्ण ३० दिवस झालेली वस्तू जावी, आणि ३० दिवसांच्या आतली एकही वस्तू जाऊ नये. या दोन अर्ध्या भागांचे वजन सारखे नाही. उशिरा सफाई झाली तर थोडी जागा अडकते. लवकर झाली तर माणसाची फाइल जाते. म्हणून शंका आली की वस्तू ठेवायची आणि नोंद करायची. दोन्ही बाजू सांभाळणारी मधली वाट शोधत बसायचे नाही.

५ फेब्रुवारी

लिनक्सपासून सुरुवात. जवळजवळ सगळे डेस्कटॉप फ्रीडेस्कटॉप या सामायिक मानके ठरवणाऱ्या प्रकल्पाचा ट्रॅशचा एकच आराखडा पाळतात, त्यामुळे एकदा रचना समजली की नोम असो वा केडीई, काम तेच.

होम फोल्डरमध्ये .लोकल/शेअर/ट्रॅश असा फोल्डर असतो. त्यात दोन उपफोल्डर : ‘फाइल्स’ आणि ‘इन्फो’. ‘फाइल्स’मध्ये खुद्द वस्तू. ‘इन्फो’मध्ये त्याच नावाची, शेवटी .ट्रॅशइन्फो जोडलेली छोटी मजकूर-फाइल. ती उघडली की तीन ओळी दिसतात. पहिली चौकटी कंसातले शीर्षक. दुसरी ‘पाथ’, म्हणजे वस्तू मुळात कुठे होती. तिसरी ‘डिलिशनडेट’, म्हणजे २०२५-०२-०५टी१६:४२:१० अशा घाटाची तारीख आणि वेळ. ही वेळ स्थानिक असते, टाइमझोन लिहिलेला नसतो. ३० दिवसांच्या हिशोबात काही तासांचा फरक चालून जातो, पण मुदत एका तासाची ठेवली तर तोच फरक महागात पडेल.

‘पाथ’मधली देवनागरी नावे टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात असतात. एका देवनागरी अक्षरचिन्हाचे यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत तीन बाइट, आणि प्रत्येक बाइटला तीन वर्ण, म्हणजे एका चिन्हाला नऊ वर्ण. ‘हिशोब’ एवढ्या शब्दाची ४५ वर्णांची माळ होते. लॉगमध्ये ती उलगडूनच छापायची, नाहीतर यादी वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही. ‘फाइल्स’मधल्या नावावर विसंबून चालत नाही, कारण एकाच नावाच्या दोन फायली डिलीट झाल्या की दुसरीचे नाव बदलून ठेवले जाते. खरे नाव ‘पाथ’मध्येच.

नावाच्या लांबीची एक मर्यादाही याच रचनेतून येते. एक्स्ट-४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिमवर नाव २५५ बाइटांपर्यंत चालते. .ट्रॅशइन्फोला त्यातले १० लागतात. राहिले २४५, म्हणजे देवनागरीत ८१ चिन्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. पूर्ण वाक्यच फाइलचे नाव म्हणून देणाऱ्यांची फाइल इथे अडू शकते.

६ फेब्रुवारी

सगळीकडे सुचवला जाणारा सोपा उपाय : फाइंड कमांडने ट्रॅशमधल्या ‘एमटाइम +३०’च्या फायली शोधायच्या आणि उडवायच्या. हा उपाय आम्ही बाद केला. कारण नीट लिहून ठेवतो, कारण तो पुन्हा पुन्हा सुचवला जाणार.

एमटाइम म्हणजे मजकूर शेवटचा बदलला ती वेळ. ट्रॅशमध्ये टाकणे म्हणजे त्याच डिस्कवर फाइलची जागा बदलणे. मजकुराला धक्का लागत नाही, त्यामुळे एमटाइम आहे तशीच राहते. दोन वर्षांपूर्वी लिहिलेला आणि आज सकाळी चुकून डिलीट झालेला अहवाल या कमांडला दोन वर्षे जुना दिसतो आणि आज रात्रीच जातो. ज्या फायली परत मिळवणे सगळ्यात अवघड, त्याच आधी उडतात.

कोणालाही पाच मिनिटांत पडताळता येईल अशी चाचणी : एक रिकामी फाइल तयार करा, टच कमांडने तिची तारीख वर्षभर मागे न्या, ती ट्रॅशमध्ये टाका आणि फाइंड फक्त यादी छापायला लावून चालवा. फाइल यादीत येते. .ट्रॅशइन्फो उघडा, तिथे आजची तारीख.

सीटाइम, म्हणजे फाइलची माहिती शेवटची बदलली ती वेळ, वापरली तर? ती जागा बदलल्यावर बदलते, म्हणून पहिल्या नजरेला बरोबर वाटते. पण परवानग्या बदलल्या किंवा बॅकअपमधून होम फोल्डर परत आणला की तीही बदलते. फोल्डरच्या बाबतीत आणखी घोळ : फाइंड आत शिरून प्रत्येक फाइल वेगळी तोलते, आणि एक अख्खा प्रकल्प-फोल्डर ट्रॅशमध्ये अर्धा उरतो. तो परत आणला तरी काय कामाचा? शिवाय ‘+३०’चा अर्थ ३० पेक्षा जास्त पूर्ण चोवीस-तास, म्हणजे प्रत्यक्षात ३१ दिवस. ही शेवटची गोष्ट निरुपद्रवी आहे, पण मुदत जुळत नाही म्हणून शोधाशोध करण्याआधी माहीत असावी.

ठरले : वय फक्त डिलिशनडेटवरून मोजायचे.

१० फेब्रुवारी

साधन म्हणून ट्रॅश-सीएलआय, म्हणजे टर्मिनलमधून ट्रॅश हाताळणाऱ्या कमांडचा संच. यातली ‘ट्रॅश-एम्प्टी ३०’ ही कमांड डिलिशनडेट वाचते आणि फोल्डरला एकच वस्तू मानते. ड्राय-रन पर्याय दिला की काय जाणार ते नुसते छापते. जुन्या आवृत्त्यांत हा पर्याय नाही, म्हणून बसवल्यावर आधी मदतीचे पान पाहायचे.

नोमच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये ट्रॅश आपोआप रिकामा करायची सोय आहेच, मग वेगळे साधन कशाला, हा प्रश्न रास्त आहे. एकट्याच्या मशीनवर ती सोय पुरेशी आहे, तिथे तीच लावावी. फक्त एक ध्यानात ठेवावे : तिथला दिवसांचा आकडा ट्रॅश आणि तात्पुरत्या फायली या दोघांसाठी एकच असतो. तात्पुरत्या फायली लवकर जाव्यात म्हणून आकडा एकावर आणला की ट्रॅशही एका दिवसावर येतो. केडीईत डॉल्फिन या फाइल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये दिवसांची मर्यादा आणि आकाराची मर्यादा अशा दोन वेगळ्या खुणा आहेत. आकाराची मर्यादा गाठल्यावर ‘सर्वात जुनी काढा’ किंवा ‘सर्वात मोठी काढा’ असे पर्याय मिळतात. आमच्या नियमात हे दोन्ही बसत नाहीत, कारण एक मोठी व्हिडिओ फाइल डिलीट केली की कालच टाकलेल्या वस्तू जाऊ शकतात. तिथे ‘फक्त इशारा द्या’ हा पर्याय ठेवला. आम्हाला लॉगही हवा आहे आणि होमबाहेरचे ट्रॅशही आवरायचे आहेत, म्हणून वेगळी स्क्रिप्ट.

१२ फेब्रुवारी

होमबाहेरचे ट्रॅश. दुसऱ्या पार्टिशनवरची किंवा पेनड्राइव्हवरची फाइल डिलीट केली की ती होमच्या ट्रॅशमध्ये येत नाही, त्याच ड्राइव्हच्या मुळाशी .ट्रॅश-१००० नावाच्या लपलेल्या फोल्डरात जाते. १००० हा वापरकर्त्याचा क्रमांक. पेनड्राइव्ह रिकामा दिसतो पण जागा शिल्लक नाही, या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा हेच. लपलेल्या फायली दाखवा म्हटले की फोल्डर समोर येतो.

सामायिक ड्राइव्हवर प्रशासकाने मुळाशी .ट्रॅश नावाचा फोल्डर आधीच करून ठेवला असेल तर त्यात वापरकर्त्याच्या क्रमांकाचा उपफोल्डर वापरला जातो. त्यासाठी त्या फोल्डरवर स्टिकी बिट (दुसऱ्याची फाइल काढू न देणारी खूण) लागते आणि तो सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारा दुवा) असून चालत नाही. दोन्ही अटी सुरक्षेसाठी आहेत आणि स्क्रिप्टने त्या स्वतः तपासायच्या. अशा ट्रॅशमध्ये ‘पाथ’ सापेक्ष असतो, ड्राइव्हच्या मुळापासून मोजलेला. लॉगमध्ये त्याच्या आधी ड्राइव्हचे ठिकाण जोडायचे.

पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्ड डिस्क आपोआप सफाईतून वगळल्या. त्या कधी जोडल्या जातील याचा नेम नसतो. दोन महिने कपाटात पडलेली डिस्क जोडली आणि मालकाने आत डोकावण्याआधी तिचा ट्रॅश रिकामा झाला, असे होऊ द्यायचे नाही. तिथे जोडल्यावर फक्त ट्रॅशचा आकार कळवायचा.

१७ फेब्रुवारी

वेळापत्रक. क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणारी जुनी सोय, नको म्हटले, दोन कारणांनी. मशीन ठरल्या वेळी बंद असेल तर क्रॉन ती फेरी सोडून देतो. आणि त्याचे एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रोग्रामला मिळणाऱ्या सेटिंगचा संच, तुटपुंजे असते : कोणी डेटा फोल्डरची जागा एक्सडीजी व्हेरिएबलने हलवली असेल तर क्रॉनला ते माहीतच नसते आणि स्क्रिप्ट भलत्याच रिकाम्या फोल्डरात पाहून ‘काही नाही’ म्हणते.

त्याऐवजी सिस्टिमडी या लिनक्सवरच्या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेचा वापरकर्ता-टायमर. होममधल्या .कॉन्फिग/सिस्टिमडी/यूजर या फोल्डरात दोन फायली : एक सर्व्हिस, एक टायमर. सर्व्हिसचा प्रकार ‘वनशॉट’, म्हणजे एकदा चालून संपणारा. टायमरमध्ये ‘ऑनकॅलेंडर’ रोजचे, ‘पर्सिस्टंट’ (चुकलेली फेरी नंतर चालवणे) चालू, आणि ‘रँडमाइझ्डडिलेसेक’ अर्धा तास, म्हणजे लॉगिन करता करता डिस्कवर ताण येत नाही. चालू करताना सिस्टिमसीटीएलला ‘--यूजर’ द्यायला विसरू नये. रूटच्या (प्रशासक खात्याच्या) नावाने चालवले तर रूटचा ट्रॅश आवरला जातो आणि वापरकर्त्याचा तसाच राहतो. असा टायमर वापरकर्ता लॉगिन असेपर्यंतच चालतो. नुसत्या रिमोटने वापरल्या जाणाऱ्या मशीनवर लॉगिनसीटीएलने ‘लिंगर’ (लॉगिन नसतानाही कामे चालू ठेवणे) चालू करावे लागते.

पर्सिस्टंटची एक बाजू सांभाळायला हवी. कोणी महिनाभराच्या रजेवरून आले, लॉगिन केले, की चुकलेली फेरी अर्ध्या तासाच्या आत चालते. रजेच्या आदल्या दिवशी घाईत डिलीट केलेले सगळे त्याच क्षणी मुदतीबाहेर असते, ट्रॅशमध्ये डोकावायला फारसा वेळ मिळत नाही. म्हणून स्क्रिप्ट मागच्या फेरीची वेळ एका फाइलमध्ये ठेवते. खंड १० दिवसांपेक्षा मोठा असेल तर पहिल्या दिवशी फक्त यादी आणि सूचना, सफाई दुसऱ्या दिवशी.

१८ फेब्रुवारी

घड्याळ. सगळा हिशोब तारखेवर, म्हणून घड्याळ बिघडले की सगळेच बिघडते. मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली मशीन चालू झाल्यावर कित्येक वर्षे मागची तारीख दाखवू शकते. त्या अवस्थेत डिलीट केलेल्या फाइलला तीच जुनी डिलिशनडेट चिकटते. नंतर नेटवरून वेळ दुरुस्त होते आणि पाच मिनिटांपूर्वीची फाइल सफाईला पात्र ठरते. उलट घड्याळ पुढे गेले असेल तर एका फेरीत संपूर्ण ट्रॅश जाऊ शकतो.

तीन अटी घातल्या. टाइमडेटसीटीएल ही कमांड ‘एनटीपीसिंक्रोनाइझ्ड’ला (घड्याळ नेटवरच्या वेळेशी जुळले आहे का याला) होकार देत नसेल तर फेरी रद्द. आत्ताची वेळ मागच्या फेरीच्या आधीची असेल तर फेरी रद्द. आणि प्रत्येक वस्तूसाठी डिलिशनडेटबरोबर .ट्रॅशइन्फो फाइलची स्वतःची एमटाइमही पाहायची. ही फाइल डिलीट करतानाच तयार होते, त्यामुळे दोन्ही वेळा जुळायला हव्यात. एक दिवसापेक्षा जास्त तफावत असेल तर दोन्हींतली अलीकडची धरायची. बॅकअपमधून आलेल्या होमवर यामुळे सफाई उशिरा होऊ शकते. होऊ द्या.

बिघडलेल्या घड्याळाने दोन्ही वेळा सारख्याच चुकतात, तेव्हा तिसरी अट काही करू शकत नाही. त्यासाठी आणखी एक : मागच्या फेरीच्या यादीत नसलेली, पण आज एकदम ३० दिवस जुनी दिसणारी वस्तू संशयित. रोज फेरी होत असताना महिनाभर जुनी वस्तू अचानक उगवायला नको. ती ठेवायची, आणि पहिल्यांदा दिसली त्या दिवसापासून ३० मोजायचे. खंड पडलेल्या फेरीनंतर अशा वस्तू रास्तपणेही दिसतील, त्यांनाही हीच सवलत.

२४ फेब्रुवारी

न जाणाऱ्या वस्तू. ट्रॅशमध्ये फोल्डर गेला, पण रिकामा करताना ‘परवानगी नाही’. लिनक्सवर फाइल काढायला त्या फाइलवर नव्हे, ती ज्या फोल्डरात आहे त्यावर लिहिण्याची परवानगी लागते. गो या प्रोग्रामिंग भाषेचा मॉड्यूल-साठा जाणूनबुजून फक्त-वाचनाचा असतो, आतले फोल्डरसुद्धा. तो ट्रॅशमध्ये टाकला की वरचा फोल्डर सरकतो, आतले काही निघत नाही. उपाय : त्या वस्तूपुरते सीएचमॉड कमांडने वापरकर्त्याला लिहिण्याची परवानगी द्यायची, मग काढायचे. कंटेनरमधून (वेगळ्या बंदिस्त वातावरणात चालणाऱ्या प्रोग्राममधून) तयार झालेल्या रूटच्या मालकीच्या फायलींना हा उपाय लागू नाही, त्यांची यादी प्रशासकाकडे. स्क्रिप्टला सुडो (रूटचा अधिकार) द्यायचे नाही, कधीच नाही. तारखेच्या हिशोबातली एखादी गडबड रूटच्या अधिकाराने चालली तर नुकसान कुठवर जाईल सांगता येत नाही.

काढण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी ‘फाइल्स’मधली वस्तू, मग तिची .ट्रॅशइन्फो. मध्येच वीज गेली तर उरते एक निरुपयोगी मजकूर-फाइल, पुढच्या फेरीत तीही जाते. उलट क्रमाने केले तर वस्तू उरते आणि तिची तारीख व मूळ जागा दोन्ही गायब. अशी अनाथ वस्तू किती जुनी आहे हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून फेरीच्या आधी ‘फाइल्स’ आणि ‘इन्फो’ यांची नावे ताडून पाहायची, अनाथ सापडल्यास त्या ट्रॅशची सफाई थांबवायची आणि कळवायचे. ट्रॅश टाकताना आराखडा आधी .ट्रॅशइन्फो लिहायला सांगतो, मग वस्तू हलवायला. त्यामुळे फेरी चालू असताना कोणी काही डिलीट केले तरी ते क्षणभरही अनाथ दिसत नाही.

२७ फेब्रुवारी

स्नॅप या पॅकेज-पद्धतीतून बसवलेल्या काही अ‍ॅपमधून डिलीट केलेल्या फायली नेहमीच्या ट्रॅशमध्ये दिसत नाहीत. अ‍ॅपला स्वतःचे वेगळे डेटा-फोल्डर मिळते, आणि ते त्याच्यातच .लोकल/शेअर/ट्रॅश तयार करते. फाइल मॅनेजरच्या ट्रॅशच्या चित्रावर क्लिक करून हे कधीच रिकामे होत नाही. होमखालच्या ‘स्नॅप’ फोल्डरात ट्रॅश नावाचे फोल्डर शोधले की सापडतात. रचना तीच असल्याने ट्रॅश-एम्प्टीला ‘--ट्रॅश-डिर’ने ती जागा दिली की काम होते. मोठ्या प्रकल्पांवर काम करणाऱ्या एडिटरचा असा ट्रॅश सगळ्यात आधी तपासावा.

३ मार्च

सफाई झाली, जागा सुटली नाही. तीन कारणे तपासायची, याच क्रमाने.

फाइल अजून एखाद्या चालू प्रोग्रामने उघडून ठेवली आहे. नाव गेले तरी प्रोग्राम बंद होईपर्यंत जागा सुटत नाही. ‘एलएसओएफ +एल१’ अशा फायली दाखवते. दुसरे, बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या फाइलसिस्टिमवर स्नॅपशॉट (एका क्षणाची जपलेली स्थिती) असेल तर त्यातली प्रत जागा धरून असते. स्नॅपशॉटची मुदत ट्रॅशच्या मुदतीत मिळवूनच जागेचा अंदाज बांधावा. तिसरे, हार्ड लिंक : तीच फाइल दुसऱ्या नावाने दुसरीकडे आहे.

याच दिवशी विचारले गेले म्हणून : ही सफाई म्हणजे गोपनीय फाइल नष्ट करणे नव्हे. एसएसडीवर एखादी फाइल वरून पुसल्याने जुना मजकूर त्याच जागी पुसला जाईल याची हमी नसते, ड्राइव्ह स्वतःच लेखनाच्या जागा बदलत राहतो. ॲपलने मॅकमधली सुरक्षित रिकामे करण्याची सोय २०१५ च्या एल कॅपिटनमध्ये काढली ती याच कारणाने. गोपनीयतेसाठी पूर्ण डिस्क एनक्रिप्शन हवे. उलट बाजूने, ट्रिम, म्हणजे मोकळ्या झालेल्या जागा ड्राइव्हला कळवणारी कमांड, चालून गेल्यावर एसएसडीवरची फाइल परत मिळेल अशी आशा धरू नये.

१० मार्च

विंडोज. सेटिंगमधला स्टोरेज सेन्स चालू केला, रिसायकल बिनची मुदत ३० दिवस. पर्याय १, १४, ३०, ६० किंवा कधीच नाही. त्याच पानावर डाउनलोड फोल्डरचाही पर्याय आहे, तो ‘कधीच नाही’वर आहे याची प्रत्येक मशीनवर खात्री केली. डाउनलोड फोल्डर म्हणजे रद्दी नव्हे, लोक तिथे कामाच्या फायली ठेवतात.

स्टोरेज सेन्स फक्त सिस्टिम ड्राइव्ह पाहतो, जो सहसा ‘सी’ असतो. ‘डी’ ड्राइव्हवरचा रिसायकल बिन त्याच्या कक्षेत येत नाही, कारण प्रत्येक ड्राइव्हवर वेगळा $रिसायकल.बिन असतो आणि त्यात प्रत्येक वापरकर्त्याच्या एसआयडीचा (खात्याच्या ओळख-क्रमांकाचा) वेगळा फोल्डर. ‘डी’साठी पॉवरशेल या विंडोजच्या कमांड-भाषेतली स्क्रिप्ट लिहावी लागली. ‘क्लिअर-रिसायकलबिन’ ही तयार कमांड वय पाहत नाही, सरसकट रिकामे करते. ती बाद.

इथेही वस्तूंची जोडी असते : $आर ने सुरू होणारी खरी फाइल, आणि पुढची अक्षरे तीच असलेली $आय फाइल. $आय मध्ये पहिले ८ बाइट आवृत्ती (विंडोज १० पासून २), पुढचे ८ मूळ आकार, त्यापुढचे ८ डिलीट केल्याची वेळ, मग नावाची लांबी आणि मूळ पत्ता. वेळ १ जानेवारी १६०१ पासून, १०० नॅनोसेकंदांच्या एककात, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत. म्हणजे १६ व्या बाइटपासून ८ बाइट वाचले की वय मिळते.

विंडोजच्या शेलच्या (फायली व फोल्डर दाखवणाऱ्या भागाच्या) मार्गानेही तारीख मिळते, पण तिथे खड्डा आहे. दिसणाऱ्या स्तंभातली तारीख मजकूर म्हणून घेतली तर तिच्यात डावीकडून-उजवीकडे अशी दिशा दाखवणारी अदृश्य चिन्हे येतात. पडद्यावर तारीख बिनचूक दिसते आणि रूपांतर मात्र फसते. स्तंभ न वाचता ‘सिस्टिम.रिसायकल.डेटडिलीटेड’ हा गुणधर्म मागायचा.

पॉवरशेलमध्ये दुसरा खड्डा डॉलर चिन्हाचा. दुहेरी अवतरणात $रिसायकल लिहिले की ते व्हेरिएबल समजले जाते, ते रिकामे असते, आणि पत्त्यात उरते नुसते .बिन. काढण्याची कमांड चुकीच्या पत्त्यावर चालू नये म्हणून सगळीकडे एकेरी अवतरण आणि ‘-लिटरलपाथ’. फोल्डरातली डेस्कटॉप.आयएनआय ही फाइल सोडून द्यायची. काढण्याचा क्रम लिनक्ससारखाच : आधी $आर, मग $आय.

टास्क शेड्युलरमध्ये काम त्या त्या वापरकर्त्याच्या नावाने लावले. सिस्टिम खात्याने चालवले तर शेल त्या खात्याचा स्वतःचा बिन दाखवते, जो रिकामा असतो. नेटवर्क ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये येतच नाही, हे वापरणाऱ्यांना लेखी कळवले.

१२ मार्च

मॅक. फाइंडरच्या सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड भागात ३० दिवसांनंतर ट्रॅशमधून काढण्याची खूण, २०१६ च्या सिएरापासून आहे. आकडा बदलता येत नाही, आम्हाला तोच हवा होता. स्वतःची स्क्रिप्ट चालवायची असेल तर टर्मिनलला पूर्ण डिस्कची परवानगी द्यावी लागते, नाहीतर ट्रॅशचा फोल्डर वाचताच येत नाही. आम्ही स्क्रिप्ट लावली नाही.

१७ मार्च

चालू करण्याआधीची शेवटची चाचणी, नवीन मशीन जोडताना दरवेळी हीच करायची. ट्रॅशमध्ये सहा वस्तू तयार करायच्या : जुनी एमटाइम पण आजची डिलिशनडेट, ३१ दिवस जुनी, २९ दिवस जुनी, तारखेची ओळ मुद्दाम मोडलेली, ३१ दिवस जुना फक्त-वाचनाचा फोल्डर, आणि बाहेरच्या फोल्डरकडे बोट दाखवणारा ३१ दिवस जुना सिमलिंक. .ट्रॅशइन्फोमधली तारीख बदलली की तिची एमटाइमही टचने त्याच वेळेवर न्यायची आणि मागच्या फेरीच्या यादीत नाव घालायचे, नाहीतर १८ फेब्रुवारीच्या अटी वस्तू अडवतात. फेरीनंतर पहिली, तिसरी आणि चौथी शिल्लक हवी. सिमलिंक गेलेला हवा, पण तो ज्या फोल्डरकडे जात होता तिथली प्रत्येक फाइल जागेवर हवी. हे सगळ्यात आधी पाहायचे.

टायमर चालू केला. पहिले ३० दिवस ड्राय-रनवरच राहील. रोजच्या लॉगमध्ये प्रत्येक वस्तूची एक ओळ : मूळ पत्ता, डिलिशनडेट, आकार, आणि जाणार की राहणार. राहणार असेल तर कोणत्या अटीमुळे.

१७ एप्रिल

ड्राय-रन काढला. ज्यांच्या यादीत काही जाणार आहे त्यांना आदल्या दिवशी नावांसह सूचना जाते. संशयित वस्तूंची यादी दर सोमवारी हाताने पाहायची. बाकी राहिले : स्नॅपचे ट्रॅश अ‍ॅपची आवृत्ती बदलली की नव्या क्रमांकाच्या फोल्डरात जातात, त्यामुळे जागा पक्की न लिहिता दर फेरीला शोधायची.